दोन मिनिटांची चकती

४ जानेवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

तुझं नोव्हेंबरातलं पत्र सव्वा पान. त्यातलं पाव पान "घाईत आहे" हे सांगण्यात गेलेलं. लहानपणी तू जेवायला बसायचीस ती एका मांडीवर, दुसरा पाय दाराकडे. म्हणून तर भिंगरी नाव पडलं. आता बत्तीस वर्षांची झालीस, तरी पत्रातसुद्धा एक पाय दाराकडेच.

काल ग्रंथालयातल्या बाईंनी विचारलं, "तुमची भाची काय करते?" मी म्हटलं, संगणकात आहे. त्या म्हणाल्या, "संगणकात सगळेच आहेत हो. ती आत जाऊन करते काय?" मी आयुष्यभर पाट्या रंगवल्या. मला कुणी विचारलं तर बोट करून दाखवायचो, ती बघा, ती माझी. तसं बोट करता येईल असं काहीतरी लिहून पाठव. शिकलीस वनस्पतिशास्त्र, मग हे कधी शिकलीस, कुणी शिकवलं? आणि मुख्य म्हणजे तुझं ते शिकणं संपत का नाही? आमच्या वेळी हातात ब्रश बसला की शिक्षण झालं. तुझी दर पत्रात नवी इयत्ता.

इकडे ठीक. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डावाही फार मागे नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार्च ओलांडू देऊ नका. पिकून कडक झाला तर काढणं अवघड, आणि मग दिसेलच अशी हमी मी देणार नाही. ऑपरेशनची तारीख हल्ली संगणकावर घ्यायची असते. ग्रंथालयात एक संगणक आहे, त्यावर घेईन. काळजीचं कारण नाही. 'मार्च' हे तुझ्या मामीला सांगितलेलं नाही, तेव्हा तूही सांगू नकोस.

परवा अंघोळ करताना तिसरीच्या पुस्तकातली नावाड्याची कविता आठवली, सबंध, चित्रासकट. वल्हं, पाण्याच्या तीन रेघा, वर एकच पक्षी. कवीचं नाव पानाच्या तळाशी होतं आणि आमच्या पुस्तकाचं ते पान नेमकं तिथेच उंदरानं खाल्लेलं. साठ वर्षं मी ती कविता त्या उंदराचीच समजून म्हणतो आहे.

पुढचं पत्र काळ्या शाईनं लिही. अक्षर जरा मोठं काढ. निळी शाई मला पहिल्यापासून आवडत नाही.

तुझा,
मामा

*

२१ जानेवारी

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

काळी शाई घरात नव्हती, या वेळी निळी चालवून घ्या. दुपारच्या सुट्टीत जिन्यात बसून लिहिते आहे. कागद गुडघ्यावर आहे, तेव्हा अक्षर मोठं काढायला जागा नाही.

बाईंना सांगा, मी अपघातानं इथे आले. पदवीनंतर एका बियाण्यांच्या कंपनीत बरण्यांवर लेबलं लावत होते. तिथल्या मालकांना वेबसाइट हवी होती आणि करणारं कुणी नव्हतं. ते म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच कर. म्हणजे मामा, दोष तुमच्याकडे येतो. अक्षर तुम्ही घटवून घेतलंत. एक जुनं पुस्तक घेतलं, फुकटचे व्हिडिओ बघितले, आणि तीन दिवस खपून मुळ्याच्या बियांचं एक पान केलं. त्यावरचं बटण दाबलं की मुळ्याचं चित्र मोठं व्हायचं. मी ते शंभरदा दाबलं असेन. तेव्हापासून सुटका नाही.

वेबसाइट म्हणजे दुकान समजा. मागचं गोदाम बांधणारे वेगळे. गिऱ्हाइकाला जे दिसतं आणि ज्याला त्याचं बोट लागतं, ते सगळं माझं. त्याला फ्रंटएंड म्हणतात. तीन भाषा लागतात. एकीत सांगायचं की इथे मथळा, इथे रकाना. दुसरीत ते कसं दिसेल ते. तिसरीत, हात लावल्यावर काय होईल ते. एवढंच असतं तर मीही ब्रश बसला म्हणून पाय पसरले असते. पण तिसऱ्या भाषेवर लोक तयार सांगाडे उभे करतात, आणि दर दोन-तीन वर्षांनी सगळं गाव बिऱ्हाड उचलून नव्या सांगाड्यात राहायला जातं. पहिला मला आला तोवर तो जुना झाला होता. दुसऱ्यात चार वर्षं काढली. आता तिसरा. रोज पहाटे साडेपाचला उठून धडे बघते आणि आठपर्यंत कालचे विसरते. आमच्यात चोवीस वर्षांची एक मुलगी आहे, तिला कधी धडे बघताना पाहिलं नाही. अभिमन्यूसारखी पोटातूनच ऐकून आली असावी. मार्चअखेर आमच्यातून एकीला गटप्रमुख करणार आहेत. तिला किंवा मला. मला नाही मिळालं तर मी इथे फर्निचर म्हणून राहीन असं वाटतं.

बोट करून दाखवायचंच तर हे सांगा. नव्या सांगाड्यात मी दवाखान्यांच्या एका साखळीचं पान केलं, रुग्णांनी घरबसल्या तारीख घेण्यासाठी. वेळ निवडली की ती दोन मिनिटं राखून ठेवतो. तेवढ्यात माहिती भरली नाही तर परत पहिल्यापासून. आकडे मोजत बसण्याऐवजी मी वरच्या कोपऱ्यात एक फिकट चकती ठेवली. ती हळूहळू रिकामी होते, चंद्राच्या कलेसारखी. सगळं पानच धुक्यातलं, पांढऱ्यावर राखाडी. आमच्या डिझायनरला गडद रंगांची शिसारी आहे. बैठकीत चकती रिकामी झाली तेव्हा साहेबांनी टाळी वाजवली. आकडेही सुरेख आलेत, लोक सरासरी चाळीस सेकंदांत तारीख घेऊन मोकळे.

एक विचारू? फ्लेक्सचे फलक आले तेव्हा तुम्ही ब्रश ठेवून दिलात. त्या दिवशी कसं वाटलं होतं? मला ती भीती आता रोज सकाळी दात घासताना वाटते. खरं उत्तर द्या.

तारीख घेतलीत का? कुठल्या दवाखान्यात दाखवलंत ते कळवा. सुट्टी संपली.

तुमची,
भिंगरी

*

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फार सुंदर लिहिलं आहेस. गटप्रमुख झालीस, अभिनंदन. मला खात्रीच होती. बियांबद्दल वाचून बरं वाटलं, शिकलेलं कधी वाया जात नाही. चंद्राबद्दलचा मजकूर तर विशेष आवडला. चंद्र हा विषय आमच्या पुस्तकात दरवर्षी असायचा आणि दरवर्षी गुरुजी तो शिकवताना खिडकीबाहेर बघायचे, भर दुपारी.

तारखेचं म्हणशील तर ते चालू आहे. ओळी जरा तिरक्या गेल्यात, टेबल डुगडुगतं.

तुझा,
मामा

*

१८ फेब्रुवारी

मामा,

मी गटप्रमुख झालेली नाही. होईन की नाही याची धास्ती वाटते असं लिहिलं होतं. चंद्राबद्दल मी काहीही लिहिलेलं नाही, तो एका उपमेत आला होता. जे मनापासून विचारलं होतं त्यावर अवाक्षर नाही. तुम्ही माझं पत्र नीट वाचलंच नाही. वरवर बघितलंत आणि चार गोड शब्द पाठवलेत.

इथे सगळे तेच करतात. माझं काम वरवर बघतात आणि छान म्हणतात. तुमच्याकडून ती अपेक्षा नव्हती. पाटी रंगवताना एका वेलांटीसाठी तुम्ही मला अर्धा तास उन्हात उभं केलं होतंत.

या रविवारी परीक्षेसारखा एक प्रकार आहे, नव्या सांगाड्यावर. झाला की लिहीन. किंवा नाही लिहिणार.

भिंगरी

*

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरी, आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, याद्या लिहिते, हे तुला माहीत आहे. तेव्हा हे यादीसारखं वाटलं तर वाटू दे.

तुझं रागाचं पत्र यांनी उघडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, वाच. एकेचाळीस वर्षांच्या संसारात घरी आलेलं एकही पत्र यांनी मला वाचू दिलेलं नाही. स्वतः वाचून दाखवायचे, तेही अभिनयासकट. पाकीट हातात आलं तेव्हाच मला समजलं. जानेवारीतलं तुझं पत्र यांना वाचताच आलं नव्हतं. मोठे मोठे चार-पाच शब्द लागले, बाकी अंदाजानं जुळवलं. स्वतः लिहितात ते कागदावर पट्टी ठेवून. परवा चहा कपाच्या बाजूला ओतला आणि मला म्हणाले, "तू कप सरकवलास." मीही म्हटलं, हो, सरकवला.

ग्रंथालयात जाऊन बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रोज येतात, पुस्तक उघडून बसतात, वेळेवर पानं उलटतात. एक दिवस त्यांनी जवळून पाहिलं, तर पुस्तक गांडूळखताचं होतं आणि हे ओठातल्या ओठात कविता म्हणत होते.

आता मुख्य गोष्ट. तारीख घ्यायला हे त्या संगणकावर अकरा वेळा बसले. म्हणतात, पांढऱ्यावर पांढरं लिहिलंय. कसंबसं रकान्यात नाव भरेपर्यंत सगळं पुसलं जातं आणि पहिलं पान येतं. बाईंना विचारायची लाज वाटली. आणि एक गोष्ट मला शपथ घालून सांगितली, ती मी शपथ मोडून तुला सांगते. तिथे बसलं की यांच्या डोळ्यापुढे, वरच्या कोपऱ्यात, एक फिकट चकती येते. ती एका बाजूनं झिजत जाते. ती संपली की समोरचं सगळं जातं. यांच्या मनानं घेतलंय की हे मोतीबिंदूच्या पलीकडचं काहीतरी आहे, डोळा आतून संपत चाललाय. महिना झाला, संगणकाकडे फिरकले नाहीत. ऑपरेशनही नको म्हणतात. "वरची काच पुसून काय होणार, आतला दिवाच जातोय," असं म्हणून कुशीवर वळतात.

मी दवाखान्यात जाऊन आले. तिथे पूर्वी खिडकीत एक माणूस बसायचा. आता खिडकीला पुठ्ठा लावलाय, त्यावर लिहिलंय, तारीख ऑनलाइन घ्यावी. पहारेकरी म्हणाला, "आजी, मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल." आम्हाला मूल नाही हे त्याला कुठलं माहीत. पुठ्ठ्यावर पानाचा पत्ता होता तो उतरवून आणला, सोबत चिठ्ठी आहे. तुला यातलं कळतं म्हणून पाठवते.

डॉक्टरीणबाईही भेटल्या. मार्चचं त्यांच्याकडून कळलं. तुला जानेवारीपासून माहीत होतं, असं हे म्हणाले. त्याबद्दल आपण नंतर बोलू.

तुझी,
मामी

*

३ मार्च

मामी, हे मामांना मोठ्यानं वाचून दाखव. मध्ये थांबू नकोस, ते थांब म्हणाले तरी.

मामा, ती चकती तुमच्या डोळ्यात नाही. ती मी केली आहे.

जानेवारीच्या पत्रात लिहिलं होतं मी, कौतुकानं. दवाखान्याचं पान, दोन मिनिटं, कोपऱ्यातली फिकट चकती. ते तुमच्याच दवाखान्याचं पान आहे. मामीनं पाठवलेला पत्ता मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा तोच होता. ती सगळ्यांना दिसते मामा. दिसायलाच ठेवली आहे. तुमचा डोळा आतून संपत नाहीये. तुमचा मोतीबिंदू हा फक्त मोतीबिंदू आहे.

तारीख मी घेतली. १९ मार्च, सकाळी नऊ, उजवा डोळा. उपाशीपोटी यायचं की कसं ते मामीनं फोन करून विचारावं.

चिठ्ठी आली तेव्हा मी कामावर होते. संध्याकाळी घरी जाऊन चष्म्याच्या काचांवर मलम फासलं आणि तुमच्या नावानं तारीख घ्यायला बसले. माझंच पान, त्यातली प्रत्येक ओळ माझ्या हातची. पहिल्या खेपेला आडनावापर्यंत पोचले. दुसऱ्या खेपेला वयापर्यंत. चकती झिजत होती आणि मी पडद्याला नाक लावून अक्षरं शोधत होते. पाचव्यांदा जमलं नाही तेव्हा चष्मा पुसला आणि घेतली. पुसल्यावर एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

तुम्ही पत्र वाचलं नाहीत असं मी रागानं लिहिलं. ते खरंच निघालं, आणि मला ते कळलं नाही. काळी शाई मागितलीत, मोठं अक्षर मागितलंत, मला वाटलं मामांचे नखरे. कुठला दवाखाना ते मी एका ओळीत विचारलं आणि उत्तर आलं नाही तर परत विचारलंही नाही. मला परीक्षेचा अभ्यास होता.

ती पास झाले. सांगायचं म्हणून सांगते.

उद्या-परवा साहेबांना सांगणार आहे की हे पान चुकलं आहे आणि ते मी चुकवलं आहे.

भिंगरी

(काळी शाई आणली. अक्षर एवढं पुरेसं आहे का ते कळवा.)

*

९ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद. मामा सांगताहेत, मी लिहिते आहे. मध्ये कंसात काही आलं तर ते माझं समजावं. — मामी

अक्षर पुरेसं आहे असं सांग. (खोटं, त्यांना हे अक्षरही दिसलं नाही, मीच वाचलं.)

तुझं पत्र ऐकून आधी हसलो. इतका हसलो की शेजारचे घड्याळजी बघायला आले. त्यांना सांगितलं, माझ्या डोळ्यातला आजार भाचीनं तयार करून पाठवला होता. मग ते गेले आणि मला राग आला. तो अजून गेलेला नाही, तेव्हा लपवत नाही. महिनाभर मी सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा वरचा कोपरा बघत होतो. आज आली का. रात्री दिवा मालवला की मामीचा चेहरा मनात नीट काढून ठेवायचो, भुवईपासून सुरुवात करून, पुढे विसरायला नको म्हणून. (मला हे आत्ताच कळलं. दोन मिनिटं थांबून लिहिते.)

लिही पुढे. तुझं जानेवारीचं पत्र मामीनं काल वाचून दाखवलं, सबंध. तू खरं उत्तर मागितलं होतंस. सगळ्यांना वाटतं मी फ्लेक्स आला त्या दिवशी ब्रश ठेवला. तसं झालं नाही. मी शिकायला गेलो होतो. संगणकावर अक्षरं जुळवायचा वर्ग होता, दुसऱ्या टोकाला, कुणी ओळखीचं भेटू नये इतक्या लांब. घरी सांगायचो, गोदामाची भिंत रंगवायची आहे. (एकेचाळीस वर्षांत हेही आजच कळतंय.) वर्गात सगळे तुझ्या त्या अभिमन्यूच्या वयाचे. मला येत होतं गं. हळू, पण येत होतं. एक दिवस मास्तर म्हणाले, काका, तुमच्यासाठी सगळे थांबलेत. तसे चांगले होते ते, घाईत होते इतकंच. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भीती वाटली म्हणून सोडलं नाही, लाज वाटली म्हणून सोडलं. भीती तर वर्गात जातानाही वाटायची, तिच्यासकट मी जात होतो.

आता माझं ऐक. साहेबांना आत्ताच काही सांगू नकोस. महिनाअखेर तुझा निकाल आहे. तो लागू दे, मग पान दुरुस्त कर. पंधरा-वीस दिवसांनी कुणाचं काय बिघडतं? माझी तारीख तर मिळाली.

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मला पटलेलं नाही. यांना भाची होती. ज्यांना कुणी नाही ते आज त्या चकतीला भिऊन कुशीवर वळले असतील. ठरव तू. मामा विचारताहेत मी एवढं काय लिहिते आहे. सांगितलं, पत्ता लिहिते आहे.

*

१७ मार्च

ती. मामांना आणि मामीला नमस्कार.

मामा, ऐकलं नाही तुमचं. मामी, तू पत्ता बरोबर लिहिलास.

पण साहेबांकडे जाण्याआधी मी रजा टाकली आणि इथल्या मुख्य दवाखान्यात जाऊन बसले. मला एक गोष्ट टोचत होती: पान इतकं वाईट, तर चाळीस सेकंदांचा आकडा आला कुठून? खोटं कुणी लिहिलं नव्हतं, मोजणारं यंत्र होतं.

सकाळी आठपासून बाकावर बसले. समोर स्वागतकक्षातल्या बाई, मानेला पट्टा, पुढ्यात दोन फोन. लोक रांगेत येतात, आपापले फोन त्यांच्यापुढे धरतात आणि म्हणतात, "बाई, हे होत नाही." त्या फोनकडे बघतसुद्धा नाहीत. "नाव? वय? डोळा की गुडघा?" विचारत वहीत लिहितात, आणि जरा उसंत मिळाली की वहीतली नावं एकामागून एक त्या पानावर स्वतःच भरतात. न बघता. बोटं नुसती पळतात. अकरा वाजता मी त्यांच्यासाठी चहा नेला आणि विचारलं, दिवसाला किती?

"नव्वद, शंभर."

"पान चांगलं आहे का?"

"मला पाठ झालंय. दिसायची गरज काय?"

"लोक स्वतः का नाही भरत?"

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "ज्यानं केलंय त्याला आणून बसवा की माझ्या खुर्चीत."

मी म्हटलं, बसते. आणि बसले, दुपारी दोनपर्यंत. एक शिंपी आले होते, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून. आदला दिवसभर त्या पानावर खटपट करून थकले होते. मी त्यांना विचारत गेले, हे दिसतं का, हे? ते म्हणाले, "बाई, हा कागद कोरा आहे, तुम्ही माझी थट्टा करताय."

तर ते चाळीस सेकंद एका बाईंचे होते. आम्ही मांडलेला तो सुरेख आकडा म्हणजे त्यांची बोटं. आणि तुमच्यासारख्या गावांतल्या शाखांमध्ये, जिथे खिडकीतला माणूस काढून पुठ्ठा लावला, तिथून तारखा जवळजवळ आल्याच नाहीत. आमच्या अहवालात त्यावर एक ओळ होती: 'या भागांतून मागणी कमी.' ती ओळ मी टाइप केली होती.

चार दिवसांपूर्वी बैठकीत हे सगळं सांगितलं. डिझायनर म्हणाला, काळा रंग फार ओरडतो. मी त्याला मलम लावलेला चष्मा दिला. त्यानं तो घालून पाहिला आणि परत दिला. चिडून की पटून, माहीत नाही. मग साहेबांनी विचारलं, हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आलं होतं, मामा. त्या चोवीस वर्षांच्या मुलीनं सप्टेंबरातच नोंद घातली होती, फिकट अक्षरं आणि वेळेची मर्यादा वयस्करांना जाचेल म्हणून. तिनं हे रीतसर शिकलेलं आहे. तिच्या नोंदीखाली 'नंतर बघू' असं लिहिलेलं आहे, आणि पुढे माझं नाव. मीच ते पडद्यावर उघडून दाखवलं.

तीन दिवस आम्ही दोघी शेजारी बसून काम केलं. अक्षरं काळी आणि मोठी. बटणं अंगठ्याएवढी. वेळ अर्धा तास, आणि तो संपत आला की पान विचारतं, अजून वेळ हवा आहे का. चकती काढली. काढायला एक ओळ पुसावी लागली, करायला मला नऊ दिवस लागले होते.

गटप्रमुख ती झाली. कालच सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, जिन्यात जाऊन बसले थोडा वेळ. पहाटेचे धडे चालू आहेत, पण सांगाड्याचे बंद केलेत. न दिसणारे, न ऐकू येणारे, हात थरथरणारे लोक पान कसं वापरतात, ते शिकते आहे. तिनंच पुस्तक दिलं. पहिल्या प्रकरणातच माझ्या चार चुका आहेत. अंगात अजून स्वस्थता नाही. येईल असंही वाटत नाही.

एकोणीसला मी तिथे येते आहे. नको म्हणू नका, तिकीट काढलं आहे.

भिंगरी

*

१२ एप्रिल

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

हे मी लिहितो आहे. कागदावर पट्टी नाही. डावा डोळा मिटून, उजव्यानं.

तू होतीस ते तीन दिवस डोळ्यावर पट्टीच होती, त्यामुळे तुला सांगायचं राहिलं. पांढरा रंग इतका पांढरा असतो हे मी विसरलो होतो. आपल्या भिंती पिवळ्या पडल्यात म्हणून मी दोन वर्षं तुझ्या मामीशी भांडत होतो. त्या पांढऱ्या आहेत. हे ऐकून ती नुसती खुर्ची ओढून भिंतीला टेकून बसली, दिवसभर. राग म्हणशील तर तो साधारण तिसऱ्या दिवशी उतरला, तू मला शब्दकोडं वाचून दाखवत होतीस आणि आडव्या सातवर अडलीस तेव्हा.

मागची सगळी पत्रं स्वतः वाचली. जानेवारीचं दोनदा. ती भीती अजून वाटते का तुला? वाटत असेल तर वाटू दे, पण वर्ग चुकवू नकोस.

आता डावा डोळा. तारीख मी घेऊ का, असं तुझ्या चिठ्ठीत विचारलं आहेस. नको. मी घेतली.

परवा सकाळी ग्रंथालयात गेलो. बाईंना आधीच सांगून ठेवलं, मी अडलो तर विचारीन, तोवर तुम्ही मागे उभ्या राहू नका. पान उघडलं. अक्षरं दिसली. वळण काही खास नाही, काना जरा आखूड वाटला, पण रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील. नाव घातलं. एक बोट, एक अक्षर. आडनाव चुकलं, पुसलं, परत घातलं. वय घालताना मनात वजाबाकी करावी लागली. मग डोळा कुठला, तर घाईत उजवा दाबला गेला, तो बदलला. इतक्यात पानानं विचारलं, अजून वेळ हवा आहे का? मी 'हो' दाबलं. पुढे पत्ता. पिनकोड आठवेना, तर कपाळावर हात ठेवून नावाड्याची कविता म्हणत बसलो, कधी कधी असं आडवाटेनं आठवतं. पुन्हा विचारलं. पुन्हा 'हो'.

सगळं भरून झालं. शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि बाई तिकडे शिक्के मारत होत्या. मी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो. पानानं तिसऱ्यांदा विचारलं. तशी गरज काही नव्हती. पण वर्गात, दुकानात, दवाखान्याच्या खिडकीत, इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी पुन्हा 'हो' दाबलं, आणि तो सगळा वेळ तिथे बसून काढला.

२९ एप्रिल, सकाळी दहा.

तुझा,
मामा